चुंबकीय मेंदू-उत्तेजना आणि पक्षाघातानंतर हाताच्या हालचालींचे पुनर्वसन : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात पुन्हा कार्यक्षम व्हावा यासाठी कवटीच्या बाहेरून मेंदूला चुंबकीय स्पंद देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. निदानाचे साधन म्हणून जन्मलेल्या या तंत्राचे उपचारात रूपांतर कसे झाले, त्यामागे कोणते गृहीतक होते आणि मोठ्या नियंत्रित चाचणीत त्या गृहीतकाचे काय झाले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. उपचार म्हणून या तंत्राचे यश अद्याप अनिश्चित आहे. मात्र मेंदूची स्थिती जाणून घेण्याचे साधन म्हणून त्याचे मोल टिकून राहिले असून त्याच्या चाचण्यांनी नियमित व्यायामाचे महत्त्व अप्रत्यक्षपणे अधोरेखित केले आहे, असे या आढाव्यातून दिसून येते.

प्रस्तावना

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा वाहिनी फुटल्याने मेंदूच्या काही भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो व त्या भागातील चेतापेशी मरतात. या विकारास पक्षाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या गोलार्धाला इजा झाल्यास शरीराची उजवी बाजू आणि उजव्या गोलार्धाला इजा झाल्यास डावी बाजू दुबळी होते. बरेच रुग्ण काही महिन्यांत आधाराने का होईना चालू लागतात. परंतु हाताची, विशेषतः बोटांची, सूक्ष्म हालचाल परत येणे कठीण असते. घास घेणे, गुंडी लावणे, साडीच्या निऱ्या घालणे, सही करणे या साध्या कृतींसाठी रुग्णाला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. त्यामुळे हाताचे पुनर्वसन हा केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न नसून माणसाच्या स्वावलंबनाचा आणि उपजीविकेचाही प्रश्न आहे.

या प्रश्नावर भौतिकशास्त्राने सुचविलेल्या एका उत्तराचा हा इतिहास आहे. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम, शरीरक्रियाशास्त्रातील मेंदूचे नकाशे, अभियांत्रिकीतील उपकरणनिर्मिती आणि संख्याशास्त्रावर आधारलेली चाचणीपद्धती अशा अनेक ज्ञानशाखा त्यात एकत्र येतात. आंतरविद्याशाखीय अभ्यासाचे उदाहरण म्हणूनही हा विषय लक्षणीय ठरतो. प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध संशोधनाच्या आधारे विषयाची मांडणी केली आहे.

१. विजेपासून प्रेरक क्षेत्रापर्यंत

प्राण्याच्या स्नायूंचे आकुंचन आणि वीज यांचा संबंध असल्याचे इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून जगापुढे आले. बेडकाच्या पायावरील त्यांच्या प्रयोगांनी चेतासंस्थेच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. तरीही मेंदूचा पृष्ठभाग विजेला प्रतिसाद देतो की नाही, याविषयी पुढील पाऊणशे वर्षे मतभेद होते.

१८७० मध्ये बर्लिन येथे गुस्ताव फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या ठरावीक भागास सौम्य विद्युतप्रवाह दिला असता विरुद्ध बाजूच्या पायाची हालचाल होते, हे दाखवून दिले. इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरिअर यांनी १८७३ पासून असे प्रयोग अधिक काटेकोरपणे केले व माकडांच्या मेंदूचा तपशीलवार नकाशा तयार केला. हालचालींचे नियंत्रण करणारा मेंदूच्या पृष्ठभागावरील हा पट्टा पुढे प्रेरक क्षेत्र म्हणून ओळखला जाऊ लागला.

मानवी मेंदूवरील पहिला प्रयोग मात्र वैद्यकीय नीतिमत्तेच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने नोंदला गेला. १८७४ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे रॉबर्ट्स बार्थोलो यांनी कवटीला व्रण पडून मेंदू उघडा झालेल्या एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूत सुया खुपसून विद्युतप्रवाह दिला. विरुद्ध बाजूच्या हातापायांचे आकुंचन झाले. परंतु प्रवाह वाढविल्यावर तिला झटके आले आणि काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. या प्रयोगावर वैद्यकीय वर्तुळात कठोर टीका झाली. जिवंत माणसाच्या मेंदूला कवटी न उघडता आणि वेदना न देता उत्तेजित करता येईल काय, हा प्रश्न त्यानंतर शतकभर अनुत्तरित राहिला.

कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जागृत रुग्णांच्या मेंदूस विद्युतस्पर्श करून प्रेरक क्षेत्राचा मानवी नकाशा १९३७ मध्ये एडविन बोल्ड्री यांच्या समवेत प्रसिद्ध केला. या नकाशात हात, बोटे व चेहरा यांनी शरीराच्या इतर भागांच्या मानाने फार मोठी जागा व्यापलेली दिसते. पक्षाघातानंतर बोटांचे कौशल्य परत मिळविणे इतके अवघड का असते, याचा काहीसा उलगडा या नकाशावरून होतो.

२. चुंबकीय उत्तेजनेचे प्रारंभीचे प्रयत्न

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये सिद्ध केले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. शरीरातील ऊतीही विद्युतवाहक असल्याने हाच नियम मेंदूला लागू करता येईल, ही कल्पना त्यातून सहज पुढे आली. पॅरिसमध्ये आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९६ मध्ये मोठ्या वेटोळ्यात डोके ठेवून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला असता डोळ्यांपुढे प्रकाशाचे लुकलुकणे दिसल्याची नोंद केली. लंडनमधील सिल्व्हेनस थॉम्पसन यांनाही १९१० मध्ये असाच अनुभव आला. हा परिणाम मेंदूपेक्षा डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या उत्तेजनेमुळे होत असावा, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे.

सिद्धान्त ज्ञात असूनही प्रगती खुंटण्याचे कारण तांत्रिक होते. चेतापेशी उत्तेजित होण्यासाठी चुंबकीय क्षेत्र प्रबळ असून भागत नाही. ते सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशात बदलावे लागते. त्याकरिता हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात वेटोळ्यातून सोडून लगेच थांबविणारी धारित्रे व कळा आवश्यक होत्या. या सोयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच उपलब्ध झाल्या.

३. शेफिल्ड येथील यंत्र

१९८० मध्ये लंडनच्या पॅट्रिक मर्टन आणि एच. बी. मॉर्टन यांनी डोक्याच्या त्वचेवर विद्युतअग्रे ठेवून उच्च दाबाचा एकच विद्युतस्पंद दिला आणि अखंड कवटीतून मानवी प्रेरक क्षेत्र उत्तेजित करता येते हे सिद्ध केले. पण कवटीचे हाड विजेला मोठा रोध करते आणि प्रवाहाचा बराच भाग त्वचेत व स्नायूंत पसरतो. परिणामी ही पद्धत वेदनादायक होती.

शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी परिघीय चेतातंतूंच्या चुंबकीय उत्तेजनेवर काम करीत होते. बार्कर, रझा जलीनूस आणि इयन फ्रीस्टन यांनी १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद दिला असता विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायू आकुंचन पावतात आणि त्यात फारशी वेदना होत नाही, हे त्यात नोंदविले होते. चुंबकीय क्षेत्र हाडातून जवळजवळ अडथळ्याविना जाते, हेच या पद्धतीच्या यशाचे गमक होते. क्षेत्राची तीव्रता साधारण एक ते दोन टेस्ला आणि स्पंदाचा कालावधी मिलिसेकंदाहूनही कमी असतो. परिणाम मात्र पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. हाताचे प्रेरक क्षेत्र मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असल्याने ते या मर्यादेत येते.

गोल वेटोळ्यामुळे मेंदूचा विस्तृत भाग एकाच वेळी उत्तेजित होई. जपानमधील शोगो उएनो व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचे जोडवेटोळे सुचविले. दोन्ही वेटोळ्यांतील प्रवाह विरुद्ध दिशेने फिरत असल्याने त्यांच्या सांध्याखाली परिणाम एकवटतो. यामुळे हाताच्या प्रेरक क्षेत्रावर नेमका नेम धरणे शक्य झाले.

४. निदानाकडून उपचाराकडे

प्रारंभी या यंत्राचा उपयोग निदानापुरता मर्यादित होता. मेंदूला स्पंद दिल्यापासून हाताचा स्नायू आकुंचन पावेपर्यंत किती वेळ लागतो आणि प्रतिसाद किती मोठा असतो, हे मोजून मेंदू ते मणका या मार्गाची स्थिती समजत असे. पक्षाघाताच्या रुग्णात असा प्रतिसाद मिळणे हे तो मार्ग काही अंशी शाबूत असल्याचे लक्षण मानले गेले.

एकामागोमाग अनेक स्पंद देता येणारी यंत्रे आल्यानंतर चित्र पालटले. स्पंद थांबविल्यानंतरही मेंदूवरील परिणाम काही काळ टिकतो, असे आढळले. १९९७ मध्ये रॉबर्ट चेन व सहकाऱ्यांनी दाखविले की, सेकंदाला सुमारे एक या मंद गतीने पंधरा मिनिटे स्पंद दिल्यास प्रेरक क्षेत्राची उत्तेजनशीलता निदान तेवढाच वेळ घटलेली राहते. याउलट जलद गतीने दिलेले स्पंद उत्तेजनशीलता वाढवितात, असे इतर प्रयोगांवरून सूचित होत होते. जलद स्पंदांनी अपस्मारासारखे झटके येण्याचा धोका लक्षात घेऊन १९९६ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे तज्ज्ञांची परिषद भरली आणि तेथे ठरलेले सुरक्षिततेचे निकष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. आता वेटोळ्याच्या साहाय्याने मेंदूतील एखाद्या क्षेत्राची क्रियाशीलता इच्छेनुसार कमी-अधिक करता येईल, अशी आशा निर्माण झाली.

याच सुमारास मेंदूच्या घडणशीलतेविषयीचे मतही बदलत होते. प्रौढ मेंदू अपरिवर्तनीय असतो ही समजूत मागे पडत होती. रँडॉल्फ नुडो यांच्या गटाने १९९६ मध्ये खारमाकडांवरील प्रयोगातून असे दाखविले की, कृत्रिमरीत्या इजा केल्यानंतर हाताचा सराव करून घेतल्यास मेंदूतील हाताचे उर्वरित क्षेत्र टिकून राहते व विस्तारू शकते. एडवर्ड टॉब यांनी विकसित केलेल्या, चांगला हात बांधून दुबळ्या हाताकडून काम करवून घेण्याच्या पद्धतीनंतर मानवी प्रेरक क्षेत्राचा नकाशा रुंदावतो, हे २००० मध्ये याच चुंबकीय तंत्राने मोजण्यात आले. सरावाने होणारा बदल चुंबकाने वेगाने घडविता येईल काय, हा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता.

५. दोन गोलार्धांच्या समतोलाचे गृहीतक

मेंदूचे दोन्ही प्रेरक क्षेत्रे जाड तंतुपट्ट्याने जोडलेली असून ती परस्परांवर नियंत्रण ठेवतात. आंद्रेआस फर्बर्ट व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दोन वेटोळ्यांचा वापर करून हे दाखविले. एका गोलार्धाला स्पंद दिल्यानंतर काही मिलिसेकंदांनी दुसऱ्या गोलार्धाला दिलेल्या स्पंदाचा प्रतिसाद लहान होतो. एक गोलार्ध दुसऱ्याचे अशा रीतीने दमन करतो.

या निरीक्षणावरून पुढील तर्क मांडला गेला. पक्षाघातामुळे एक गोलार्ध दुबळा झाला की, त्याचे निरोगी गोलार्धावरील नियंत्रण सैल होते. निरोगी गोलार्ध मोकाट होऊन बाधित गोलार्धाचे अधिकच दमन करतो आणि आधीच दुबळा असलेला हात आणखी अडखळतो. २००४ मध्ये नागाको मुरासे व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने या तर्काला बळ दिले. निरोगी व्यक्तीने बोट हलविण्याच्या क्षणी असे दमन ओसरते; परंतु जुन्या पक्षाघाताच्या रुग्णांत ते टिकून राहते, असे त्यांना आढळले.

या गृहीतकातून उपचाराचे दोन मार्ग निघाले. पहिला, बाधित गोलार्धाला जलद स्पंद देऊन चेतविणे. दुसरा, निरोगी गोलार्धाला मंद स्पंद देऊन शांत करणे. दुसरा मार्ग अधिक सुरक्षित वाटला, कारण त्यात इजा झालेल्या ऊतीला हात लावावा लागत नव्हता. चांगल्या बाजूला दाबून दुबळ्या बाजूला वाव द्यायचा, ही तराजूसारखी कल्पना समजायला सोपी होती. तिच्या प्रसाराला हा सोपेपणाही कारणीभूत झाला असावा.

६. लहान प्रयोगांचा कालखंड

२००५ हे वर्ष या क्षेत्रात महत्त्वाचे ठरले. जपानमधील नाओयुकी ताकेउची यांच्या गटाने वीस रुग्णांवर निरोगी गोलार्धाच्या मंद उत्तेजनेचा प्रयोग केला व हाताच्या चिमटीच्या हालचालीत सुधारणा नोंदविली. मान्सूर व सहकाऱ्यांच्या दहा रुग्णांवरील अभ्यासाचा निष्कर्षही अनुकूल होता. इजिप्तमधील असियूत येथे इमान खेदर यांच्या गटाने बावन्न रुग्णांवर पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांतच बाधित गोलार्धाच्या उत्तेजनेचा प्रयोग केला आणि त्यातही लाभ दिसला. त्याच वर्षी यिंग-झू हुआंग व सहकाऱ्यांनी स्पंदांचे छोटे झुबके देण्याची अल्पावधीची पद्धत प्रसिद्ध केली.

या प्रयोगांची मर्यादा त्यांच्या आकारात होती. रुग्णसंख्या दहा, वीस किंवा पन्नास इतकीच असे. पक्षाघातानंतरचा कालावधी, इजेचे स्थान व मोजमापाची साधने प्रत्येक अभ्यासात वेगळी असत. २०१३ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात १९ चाचण्या व ५८८ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. उपलब्ध पुराव्यावरून या उपचाराचा नित्य वापर समर्थनीय ठरत नाही, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला.

याआधी एक इशाराही मिळालेला होता. कवटीत शस्त्रक्रियेने विद्युतअग्रे बसवून बाधित प्रेरक क्षेत्र उत्तेजित करण्याची ‘एव्हरेस्ट’ नावाची मोठी चाचणी २००८ मध्ये अपेक्षित उद्दिष्ट गाठू शकली नाही. तिच्या आधीचे लहान प्रयोगही आशादायक होते. मंद चुंबकीय उत्तेजनेची वाटचाल पुढे याच क्रमाने झाली.

७. मोठी चाचणी व तिचा निकाल

निरोगी गोलार्धाच्या मंद उत्तेजनेची निर्णायक परीक्षा अमेरिकेतील बारा केंद्रांवर ‘नीश’ या नावाने घेण्यात आली. शिकागोच्या रिचर्ड हार्वे यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत पक्षाघात होऊन तीन ते बारा महिने झालेले १९९ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. प्रायोगिक गटाला खरी उत्तेजना व नियंत्रित गटाला छद्म उत्तेजना मिळाली; छद्म उत्तेजनेत वेटोळे डोक्यावर ठेवले जाते व आवाजही होतो, पण मेंदूवर परिणाम करील असे क्षेत्र अभिप्रेत नसते. त्यानंतर दोन्ही गटांकडून हाताचे कृतिप्रधान व्यायाम करवून घेण्यात आले. सहा आठवड्यांत अशी अठरा सत्रे झाली.

मोजमापासाठी स्वीडनमधील अ‍ॅक्सेल फुगल-मायर व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तयार केलेली श्रेणी वापरण्यात आली. हातासाठी या श्रेणीत एकूण ६६ गुण असून पाच गुणांची वाढ अर्थपूर्ण धरण्यात आली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार सहा महिन्यांनंतर प्रायोगिक गटातील ६७ टक्के आणि नियंत्रित गटातील ६५ टक्के रुग्णांनी ही वाढ गाठली होती. दोन्ही गटांत फरक असा उरलाच नाही.

या निकालाचा अर्थ ‘उपचार निष्फळ’ एवढाच घेणे अपुरे ठरेल. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत बरीचशी नैसर्गिक सुधारणा होते व त्यानंतर ती मंदावते, असा सर्वसाधारण समज आहे. तो काळ ओलांडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश रुग्ण छद्म उत्तेजना मिळूनही सुधारले. दोन्ही गटांना समान असलेला घटक होता तो सखोल, नियमित व हेतुपूर्ण व्यायामाचा. तथापि व्यायामाविना राहिलेला तिसरा गट या चाचणीत नसल्याने सर्व श्रेय व्यायामाला देणेही तर्कशुद्ध होणार नाही. छद्म वेटोळ्यातूनही काही प्रमाणात उत्तेजना मिळाली असावी, अशी शंका घेण्यात आली. म्हणून वेगळे छद्म वेटोळे वापरून साठ रुग्णांवर ‘ई-फिट’ ही चाचणी घेण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालातही खऱ्या उत्तेजनेची सरशी दिसली नाही.

८. गृहीतकाची फेरतपासणी

मोठ्या चाचणीच्या अपयशानंतर मूळ गृहीतकाकडे पुन्हा पाहणे भाग पडले. जोव्हान्नी दि पिनो व सहकाऱ्यांनी २०१४ मध्येच सुचविले होते की, ज्या रुग्णांच्या बाधित गोलार्धात पुरेसे मार्ग शिल्लक आहेत त्यांना निरोगी गोलार्धाचे दमन उपयोगी पडू शकेल. परंतु इजा मोठी असल्यास निरोगी गोलार्धच आधार देत असतो व त्याला दाबणे अपायकारक ठरू शकते. २०१९ मध्ये जिंग शू व सहकाऱ्यांनी रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. पक्षाघातानंतरच्या आरंभीच्या काळात गोलार्धांमधील दमन सर्वसाधारण होते आणि बिघाड नंतर, हात सुधारत असताना दिसू लागला, असे त्यांना आढळले. म्हणजे असमतोल हे दुबळेपणाचे कारण असल्याच्या समजुतीलाच धक्का बसला.

चित्र संपूर्णतः प्रतिकूल आहे असेही नाही. युरोपीय तज्ज्ञगटाने २०२० मधील मार्गदर्शक सूचनांत, पक्षाघातानंतरच्या उत्तर-तीव्र अवस्थेत निरोगी गोलार्धाच्या मंद उत्तेजनेच्या परिणामकारकतेला पुराव्याची सर्वोच्च श्रेणी दिली. नेदरलँड्समध्ये पक्षाघातानंतर तीन आठवड्यांच्या आत साठ रुग्णांवर झुबक्यांच्या पद्धतीने केलेल्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये अनुकूल आला. कोणत्या रुग्णाला, कोणत्या टप्प्यावर, हा प्रश्न त्यामुळे केंद्रस्थानी आला आहे.

दरम्यान हे तंत्र आपल्या मूळ भूमिकेत अधिक स्थिर झाले. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे कॅथी स्टिनिअर यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडलेल्या व २०१७ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत, खांदा व बोटे यांची ताकद पहिल्या तीन दिवसांत तपासली जाते. ती कमी आढळल्यास पहिल्या आठवड्यात चुंबकीय स्पंद देऊन हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद पाहिला जातो. प्रतिसाद मिळाल्यास हात पुष्कळसा सुधारण्याची शक्यता असते. सुमारे ७५ टक्के रुग्णांत हे भाकीत बरोबर ठरल्याचे नोंदविले आहे. उपचारकांना पुनर्वसनाचे नियोजन करण्यासाठी आणि रुग्णाच्या कुटुंबीयांना वास्तव आशा बाळगण्यासाठी अशी माहिती मोलाची ठरते.

उत्तेजनेच्या अन्य मार्गांचाही शोध चालू राहिला. मानेतील व्हेगस चेतातंतूला व्यायामाच्या क्षणीच विद्युतस्पंद देण्याच्या पद्धतीची १०८ रुग्णांवरील चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रायोगिक गटाची सरासरी वाढ ५.० गुण व नियंत्रित गटाची २.४ गुण होती. त्याच वर्षी या पद्धतीस अमेरिकेत मान्यता मिळाली. येथेही उत्तेजना व्यायामाची जागा घेत नाही, तर प्रत्येक हालचालीशी ती जोडलेली असते, ही बाब लक्षणीय आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) फॅरडे यांच्या नियमापासून शेफिल्डच्या यंत्रापर्यंत दीडशेहून अधिक वर्षे लागली. सिद्धान्त आणि साधन यांमधील हे अंतर तंत्रज्ञानाच्या उपलब्धतेने ठरविले.

२) दोन गोलार्धांच्या समतोलाचे गृहीतक तर्कसंगत व आकर्षक होते. तरीही गृहीतकाचा सोपेपणा हा त्याच्या सत्यतेचा पुरावा होत नाही. लहान प्रयोगांच्या अनुकूल निकालांवर विसंबून उपचार रूढ करणे धोक्याचे असते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

३) नियंत्रित गट नसता तर ६७ टक्के रुग्णांची सुधारणा चुंबकाच्या नावे जमा झाली असती. शेजारी ६५ टक्के हा आकडा होता म्हणून खरी वस्तुस्थिती कळली. केवळ वैद्यकातच नव्हे, तर शिक्षण, मानसशास्त्र व समाजशास्त्रातील प्रयोगांनाही हा धडा लागू पडतो.

४) महागडे यंत्र उपलब्ध नसलेल्या ठिकाणच्या रुग्णाने हताश होण्याचे कारण नाही. कृतिप्रधान व्यायाम दीर्घकाळ व नियमितपणे करवून घेणे हा आजही पुनर्वसनाचा पाया आहे. यंत्रावर खर्च करण्यापूर्वी प्रशिक्षित उपचारक आणि व्यायामाचा पुरेसा कालावधी यांची तरतूद होणे अधिक निकडीचे आहे.

मेंदूला बाहेरून चेतविण्याचा दोन शतकांचा प्रयत्न हात चालता करण्याच्या ध्येयापर्यंत अजून निःसंदिग्धपणे पोहोचलेला नाही. तथापि कोणता हात सुधारू शकेल हे सांगण्याची क्षमता त्याने दिली आणि काळ उलटून गेल्यावरही सुधारणेला वाव असतो याची जाणीव करून दिली. पुढील संशोधनाला योग्य रुग्ण आणि योग्य वेळ यांचा शोध याच पायावर घ्यावा लागेल.